शाल-श्रीफळाचा कार्यक्रम झाला, दारं पुन्हा बंद झाली. आता काय करावं?

बेळगावच्या भाग्यनगरातल्या एका चार मजली अपार्टमेंटमधून एका ताईंनी विचारलं आहे: "आमच्याकडं सोळा फ्लॅट. निम्म्याहून जास्त घरांत साठीच्या पुढची माणसं, त्यातल्या चार घरांत एकेकटी. त्यांची मुलं पुण्यात, बेंगळूरला, दुबईत. तळमजल्यावरच्या दोन फ्लॅटमध्ये खानापूर आणि चंदगडकडची कॉलेजची मुलं भाड्यानं राहतात. 1 ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन म्हणून आम्ही कार्यक्रम घेतला. शाल-श्रीफळ दिलं, मुलांनी गाणी म्हटली, सगळ्यांना बरं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून दारं होती तशी बंद. शेजारच्या आज्जी म्हणाल्या, दिवसभर बेल वाजत नाही, वाजलीच तर पार्सलवाला चुकून आलेला असतो. आम्ही काय करायला हवं?"

ताई, मी बरीच वर्षं बेळगावात आणि आजूबाजूच्या गावांत वस्तीपातळीवर काम करते आहे, आणि तुम्ही लिहिलंय तसंच जवळजवळ सगळीकडं होतं. कारण सरळ आहे. शाल पांघरली की माणूस त्या दिवसापुरता पाहुणा होतो. पाहुण्याचा मान राखतात, त्याला काम कुणी सांगत नाही. आणि एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला सगळ्यात जास्त बोचतं ते हेच, की आपलं कुणाला काही कामच उरलं नाही. म्हणून तुमच्या इमारतीत पुढचा 'कार्यक्रम' घेऊ नका. असं एखादं काम शोधा, जे तळमजल्यावरच्या पोरांशिवाय आणि वरच्या आज्जा-आज्जींशिवाय पुरंच होणार नाही.

आधी एक गैरसमज दूर करते. एकटेपणा हे म्हातारपणाचं दुखणं आहे असं आपण धरून चालतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये सामाजिक नात्यांवर एक आयोग नेमला. मूळ कर्नाटकातल्या कुटुंबातले डॉ. विवेक मूर्ती त्याचे एक सहअध्यक्ष. 2025 च्या जूनमध्ये आलेला त्यांचा अहवाल सांगतो की जगात दर सहा माणसांमागं एक एकटेपणानं ग्रासलेला आहे. 13 ते 29 या वयात हे प्रमाण 17 ते 21 टक्क्यांपर्यंत जातं, म्हाताऱ्यांत ते सुमारे 12 टक्के आहे. दर वर्षी सुमारे 8 लाख 71 हजार मृत्यूंशी एकटेपणाचा संबंध त्यांनी लावला आहे. म्हणजे तळमजल्यावर मॅगी उकळून जेवण भागवणारा खानापूरचा पोरगा तुमच्या शेजारच्या आज्जींपेक्षा जास्त एकटा असू शकतो. त्याला 'समाजसेवा कर' असं सांगू नका. त्यालाही या इमारतीत आपलं म्हणावं असं एक दार हवं आहे, हे डोक्यात ठेवून त्याच्याशी बोला.

आता आपल्या गावाकडं बघू. शहापूर, कंग्राळ गल्ली, मारुती गल्ली इथं घराला घर लागून आहे, दाराबाहेर कट्टा आहे, गणपतीचं मंडळ आहे. वडगाव-खासबागेत माग चालतो तिथं म्हातारं माणूसही कांडी भरायला, हिशेब बघायला उपयोगी पडतं. तिथं माणसं दुःखी नसतात असं नाही, पण आज अण्णा दिसले नाहीत हे दुपारपर्यंत कुणाच्या तरी ध्यानात येतं. भाग्यनगर, सदाशिवनगर, महांतेशनगर इथल्या अपार्टमेंटमध्ये हे आपोआप होत नाही. लिफ्ट थेट मजल्यावर सोडते आणि दार लागतं. त्यात आपला पाऊस. जूनपासून सप्टेंबरपर्यंत निसरड्याच्या भीतीनं म्हातारी माणसं पायरी उतरत नाहीत. माझ्या अनुभवात सगळ्यात वाईट महिने तेच असतात, दिवाळी-दसऱ्याचे नव्हेत.

तुमच्या इमारतीत काम कुठून सुरू करायचं, तर कागदांपासून. सीमाभागात हे काम देवानंच नेमून दिल्यासारखं आहे. लाइट बिल, महापालिकेची घरपट्टीची नोटीस, पेन्शनचं पत्र, सगळं कन्नडमध्ये. आपली कित्येक मराठी शाळेत शिकलेली म्हातारी माणसं ते वाचू शकत नाहीत. बोलायला कन्नड येतं, अक्षर येत नाही. आणि खानापूरची पोरं शाळेत कन्नड शिकूनच आलेली असतात. एका इमारतीत आम्ही दर बुधवारी संध्याकाळी पाच ते सहा पार्किंगमध्ये एक टेबल मांडत असू. एक निवृत्त गृहस्थ पिशवीभर कागद घेऊन आले. घरगुती विजेच्या गृहज्योती या सरकारी योजनेत त्यांचं बिल शून्य आलेलं, पण कागदावर आकडे तर छापलेले. ते थकबाकी समजून भरायला निघाले होते. पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, मुलीनं एकेक ओळ बोट ठेवून वाचून दाखवली आणि म्हणाली, "आज्जा, भरायचं काय नाही की, हे बघा, शून्य." त्यांनी तिच्याकडून त्या ओळीवर पेनानं खूण करून घेतली, म्हणजे पुढच्या महिन्यात स्वतःला कळावं. पुढच्या बुधवारी ते बिल नसतानाही आले.

पण हे एवढ्यावर थांबलं तर मुलं देणारी आणि म्हातारी घेणारी होतात, शालीचाच प्रकार उलटा. त्याच टेबलावर उलट्या दिशेनं काय जाईल हे तुम्हीच आधी हुडकून ठेवा. त्या गृहस्थांचं सगळं आयुष्य उद्यमबागेत फौंड्रीत पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठीचे लाकडी नमुने, करण्यात गेलेलं. तळमजल्यावर मेकॅनिकल डिप्लोमाचा एक पोरगा होता, कास्टिंगचा धडा पाठ करून बसलेला. पॅटर्न मूळ मापापेक्षा मोठा का ठेवतात हे त्यानं पुस्तकातलं उत्तर म्हणून सांगितलं. आज्जांनी घरातून जुना लाकडी पॅटर्न आणला, त्याच्या कडेवरून पोराचं बोट फिरवलं आणि दाखवलं, की बाजूला हा बारीक उतार दिला नाही तर रेतीतून उचलताना साचा फाटतो. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना मीटरला साधारण 10 मिलिमीटर आकसतं, म्हणून त्यांची मोजपट्टीच वेगळी, मुळातच तेवढी लांब. पोरानं ती पट्टी साध्या पट्टीशेजारी ठेवून बघितली आणि गप्प बसला. त्यानंतर त्याचे मित्रही यायला लागले. तुमच्या सोळा घरांत असं काय काय आहे याची यादी तुमच्याकडं आज नसेल. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले कुणी असतील, शिक्षिका असतील, शिवणकाम केलेल्या काकू असतील, तीस वर्षं दुकान चालवलेले मामा असतील. कार्यक्रमाचं आमंत्रण न घेता नुसतं गप्पा मारायला जा आणि 'तुम्ही काय काम करत होता?' एवढंच विचारा. अर्धा तास कुठं गेला कळणार नाही.

इंग्रजी शाळेत जाणारी आपली बरीच मुलं मराठी बोलतात पण वाचताना अडखळतात. निवृत्त बाईंना हे काम द्या: आठवड्यातून दोनदा, तीन-चार मुलं, वर्तमानपत्रातली एक बातमी. शेजारी कन्नड आज्जी असतील तर त्यांनाही बोलवा, एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, पोरांना त्यांच्यासारखी कन्नडची शिकवणी कुठं मिळणार? सीमाप्रश्नाबद्दल प्रत्येकाचं मत असतं, माझंही आहे. पण चौथ्या मजल्यावर एकट्या पडलेल्या लिंगायत आज्जींच्या दाराशी तो वाद नेऊ नका. आपल्याकडच्या शेजारात दोन्ही भाषा पिढ्यान्‌पिढ्या नांदल्या आहेत, आणि तुमचं काम सोळा घरांसाठी आहे.

दुसरं मोठं काम म्हणजे दिवाळीचा किल्ला. बेळगावात गल्लोगल्ली पोरं किल्ले करतात, स्पर्धा होतात, लोक बघायला फिरतात. अपार्टमेंटमध्ये मात्र हे मागं पडत चाललंय, 'पार्किंग घाण होतं' म्हणून. ते परत सुरू करा आणि त्यात वडीलधाऱ्यांना परीक्षक म्हणून बसवू नका, हाताशी घ्या. एका ठिकाणी माजी सुभेदारांनी राजहंसगडाचा आराखडा आधी खडूनं फरशीवर काढला. पोरांना तो येळ्ळूरला जाऊन बघून यायला लावलं, बुरूज कुठं, दार कुणीकडं तोंड करून. दगड, पोती, लाल माती पोरांनी वाहिली. आज्जींनी मोहरी आणि आळीव आधीच पेरायला सांगितलं, नाहीतर लक्ष्मीपूजनापर्यंत हिरवळ येत नाही. माती किती ओली हवी यावरून एका काकूंचं आणि आठवीतल्या पोराचं चांगलं वाजलं. मला ते फार महत्त्वाचं वाटतं. नुसत्या गोड गोड बोलण्यातून ओळख वाढत नाही. कामात मतभेद होतात, मग एकाला दुसऱ्याचं ऐकावं लागतं, तिथून नातं धरतं. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञानं 1954 मध्येच मांडलं होतं, की वेगवेगळ्या गटांतली माणसं नुसती एकत्र आल्यानं जवळ येत नाहीत. बरोबरीचं स्थान, एक सामायिक उद्दिष्ट, ते गाठायला एकमेकांची मदत आणि वरून पाठिंबा, हे सगळं असलं तर येतात. किल्ल्यात हे चारही आहे. वरचा पाठिंबा म्हणजे तुमच्या सोसायटीनं माती टाकायला एक कोपरा देणं.

वेळेबद्दल थोडं. वार आणि वेळ पक्की ठेवा आणि पाऊस असो, दोनच माणसं येवोत, टेबल मांडा. दुपारची झोप झाल्यावर, अंधार पडायच्या आत. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा असतात, तेव्हा मुलांना ओढू नका. पावसाळ्यात पार्किंग सोडून कुणाच्या तरी हॉलमध्ये बसा, दर आठवड्याला वेगळं घर, चहा तिथलाच. चार-पाच माणसांपेक्षा मोठं टेबल करू नका. पार्किंगमध्ये आवाज घुमतो, ज्यांना कमी ऐकू येतं ती माणसं दोनदा 'काय?' विचारतात आणि तिसऱ्यांदा येत नाहीत. पुष्कळ जण चिडचिडे किंवा माणूसघाणे म्हणून बदनाम असतात, आणि खरं कारण कान असतो. ऐकू येणाऱ्या बाजूला बसायचं, तोंडाकडं बघून बोलायचं, हे मुलांना पहिल्याच दिवशी शिकवा.

बायका आणि पुरुष यांचं वेगळं असतं. बायकांना भजनी मंडळ असतं, हळदीकुंकू असतं. बायको गेलेला पुरुष मात्र पार तुटतो, आणि तो 'गप्पा मारायला या' म्हटलं तर येत नाही. 'जिन्यातला दिवा लागत नाही, बघता काय?' म्हटलं तर येतो. आणि हळदीकुंकवाबद्दल मनापासून सांगते: आजही बऱ्याच घरांत विधवा बाईला बोलवत नाहीत. म्हणजे इमारतीतली सगळ्यात एकटी बाई नेमकी बाहेर. संक्रांतीला तुमच्या इमारतीत सगळ्यांचा तिळगुळाचा समारंभ करा, प्रत्येक घरी जाऊन, प्रत्येक बाईला बोलावून. कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे.

फक्त एकेकट्या चार घरांकडं बघू नका. मुलगा-सून-नातवंडांच्या घरातही आज्जा दिवसभर एकटे असतात, सगळे घरात असूनसुद्धा. पण तिथं जाताना जपून. 'तुमची आई एकटी पडली आहे' असं कानावर गेलं तर सुनेला ते आपल्यावरचा ठपका वाटतो आणि दार कायमचं बंद होतं. एकटेपणा हा शब्द तोंडातून काढूच नका. 'काकूंचे मांडे चांगले होतात, पोरींना शिकवतील काय?' एवढं पुरे.

सावधगिरीचं बोलायला अवघड वाटतं, तरी पहिल्या दिवशीच सांगून टाका. मुलं घरी जातील तर दोघं मिळून, दार उघडं ठेवून, पालकांना किंवा रूममेटला सांगून. पैशांची देवाणघेवाण नाही, उसनेही नाहीत. मोबाइलमध्ये मदत करताना फोन म्हाताऱ्या माणसाच्याच हातात राहील, पिन आणि ओटीपी मुलं बघणार नाहीत. नोव्हेंबरमध्ये पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो आता चेहरा दाखवून मोबाइलवरही होतो. मुलांनी शिकवण्यासारखं हे पहिलं काम. शिकवता शिकवता 'डिजिटल अरेस्ट'च्या नावानं, पोलीस असल्याचं भासवून पैसे उकळायला येणाऱ्या फोनबद्दलही सांगू देत. एकट्या माणसाला असा फोन आला की विचारायला शेजारी कुणी नसतं, ठगांचं त्याच्यावरच फावतं.

आणि काही गोष्टी शेजाराच्या आवाक्याबाहेरच्या असतात. जेवण सुटलंय, झोप नाही, आवडीच्या वस्तू वाटून टाकताहेत, 'आता पुरे झालं' असं वरचेवर म्हणताहेत, तर ते दुखणं आहे, आणि त्याची जबाबदारी विशीतल्या पोरावर टाकायची नाही. घरच्यांना कळवा, डॉक्टरांकडं न्या. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठीचा टेलिमानस 14416 आणि ज्येष्ठांसाठीचा एल्डरलाइन 14567 हे दोन नंबर जिन्यात मोठ्या अक्षरांत, मराठी आणि कन्नड दोन्हींत लावा.

तुमच्याकडं विद्यार्थी राहतात म्हणून आणखी एक सुचवते. नेदरलँड्समध्ये देव्हेंतर गावी ह्युमानिटास नावाच्या वृद्धाश्रमात विद्यार्थ्यांना राहायला खोली फुकट मिळते, त्या बदल्यात महिन्याला 30 तास चांगल्या शेजाऱ्यासारखं वागायचं. आपल्याकडं कितीतरी घरांत वरचा मजला किंवा मागची खोली रिकामी आहे आणि कॉलेजची पोरं रूम शोधत फिरत असतात. इथं मी पूर्ण फुकट ठेवायला सांगणार नाही. थोडं तरी भाडं घ्यावं, म्हणजे कुणी उपकाराखाली राहत नाही. आठवड्यातून दोन रात्री एकत्र जेवण, रात्री परत यायची वेळ, पाहुणे यायचे तर कसं, हे सगळं कागदावर लिहून दोघांनी सही करावी, पोलिसांत भाडेकरूची माहिती द्यावी. सगळ्यात ठळक अक्षरात लिहायचं ते हे, की मुलगा शेजारी आहे, नर्स नाही. म्हाताऱ्या माणसांच्या परगावी राहणाऱ्या मुलांना हे आवर्जून सांगा: 'तो आहेच की तिथं' म्हणून सगळं त्याच्यावर सोडून द्यायचं नाही.

सहली लांबच्या नकोत. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर आणि वीरसौध, जिथं डिसेंबर 1924 मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, ते तुमच्यापासून जवळ आहे आणि कॉलेजच्या कित्येक पोरांनी पाहिलेलं नाही. थंडीत कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदीला मराठी साहित्य संमेलनं भरतात. आज्जी आणि मुली मिळून जाऊ शकतात, शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसचं तिकीट पडत नाही. चंदगडच्या मुलीला मात्र पडतं, ती महाराष्ट्राची. आज्जींनी तिचं तिकीट काढलेलं मी पाहिलंय. उसनं द्यायचं नाही या नियमात ते मी कधी धरलं नाही.

व्हॉट्सॲप ग्रुप करणार असाल तर निरोपापुरता करा. सकाळच्या फुलांच्या चित्रांनी कुणाचा एकटेपणा कमी झालेला मी पाहिलेला नाही.

चाललंय की नाही हे हजेरीवरून मोजू नका. ठरलेल्या वाराव्यतिरिक्त कुणी कुणाच्या दारावर गेलं का, एवढंच बघा. कुणी परीक्षेचा निकाल आधी वरच्या मजल्यावर सांगितला, कुणी ताप आलेल्या पोराला पेज नेऊन दिली, तर समजा जमलं. याला सहा-आठ महिने लागतात, आणि सुरुवातीला दोन घरांच्या पुढं जात नाही म्हणून सोसायटीतले लोक विचारतील. विचारू देत.

शेवटचा भाग बहुतेक ठिकाणी राहून जातो, तो निरोपाचा. पोरं तीन-चार वर्षांत जाणार, म्हातारी माणसंही जाणार. कुणी वारलं तर मुलांपासून लपवू नका, 'परीक्षा आहे' म्हणून टाळू नका. त्यांना घरी जाऊ द्या, दहाव्याला-बाराव्याला बसू द्या, त्यांनी माणूस गमावलेलं असतं. आणि जाणाऱ्या मुलानं मे महिन्यात सामान बांधायच्या आधी एक काम करायचं. खाली येणाऱ्या नव्या मुलाला किंवा ज्युनिअरला घेऊन ज्या ज्या घरी त्याचं येणं-जाणं आहे तिथं स्वतः जाऊन ओळख करून द्यायची, कुणाला कुठल्या कानानं ऐकू येतं, कुणाची कुठली पिशवी कागदांची, हे सगळं सांगायचं. नवा मुलगा अजून ठरलेला नसेल तर जुन्यानं जुलैत एकदा यायचं. खानापूरहून बस तासाभरात पोचते. हे तुम्ही त्याच्याकडून पहिल्याच वर्षी कबूल करून घ्या.